तुझ्या कमरेबद्दल

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "काही नाही गं, जरा कंबर धरलीय" म्हणून विषय बदललास. पण बोलता बोलता मध्येच तुझा श्वास अडकला, तेव्हाच मला कळलं. खुर्चीतून उठताना येणारी ती कळ मला तीस वर्षं ठाऊक आहे. रात्री तू एमआरआयचा रिपोर्ट पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, मणक्यात गॅप आहे म्हणे. आता जन्मभर असंच का?" त्यानंतर मला झोप लागली नाही.

आधी त्या रिपोर्टचं सांगते. गॅप म्हणजे मणक्यांत कुठे फट पडलेली नसते. उलट दोन मणक्यांमधली चकती थोडी बसकी झालेली असते. ज्यांची कंबर कधी दुखतच नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या. म्हणजे रिपोर्टमध्ये दिसतं तेच दुखतं, असं नाही. बहुतेकांच्या कंबरदुखीत एका कुठल्या जागेवर बोट ठेवताच येत नाही, आणि तरी ती बरी होते. तुझी नसही दबलेली नाही, तसं रिपोर्टमध्येच लिहिलंय. तो कागद आता कपाटात ठेवून दे.

माझी पहिली उसण भरली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. मला सांगण्यात आलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, फळीवर झोपून राहायचं. मी तीन आठवडे पडून राहिले आणि पुढे दोन वर्षं पट्टा बांधला. दुखणं कधीच गेलं होतं, पण भीती गेली नाही. तू दोन्ही हात वर करून समोर उभा राहायचास आणि मी खाली बसून तुला जवळ घ्यायचे. उचलत मात्र नव्हते. हळूहळू तू हात वर करायचाच सोडलंस. ते मला आजही सलतं.

पडून राहून स्नायू ढिले पडले, आणि प्रत्येक हालचाल जपून, अंग ताठ धरून करायची सवय लागली. त्यानेच कंबर पुन्हा पुन्हा धरायची. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझ्यासमोर रिकामी बादली ठेवली आणि म्हणाल्या, उचला. माझे हात थरथरत होते. "पाय थोडे फाकवा, बादली अंगाजवळ घ्या, श्वास सोडत उठा." दुसऱ्या आठवड्यात बादलीत तांब्याभर पाणी आलं. चार महिन्यांनी मी भरलेली बादली उचलली आणि तिथेच रडले.

म्हणून तुला सांगते, पहिले दोन-तीन दिवस कळ जास्त असते तेव्हा शेक घे, गुडघ्यांखाली उशी घेऊन पड, पण अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मार. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरतं. सकाळचा पहिला तास मात्र जपून काढ. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या खोल वाकणं सोसत नाही. तोंड धुताना मी अजूनही एक तळहात बेसिनच्या कडेवर टेकवते आणि गुडघे थोडे सैल सोडते. मोजे बसूनच घालते. बसण्याची अचूक पद्धत शोधत बसू नकोस. कसाही बस, पण एकाच बैठकीत फार वेळ नको.

बरं वाटलं की चालणं सोडू नकोस, आपण सगळे तिथेच चुकतो. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. त्यांचं दुखणं परतायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांचं ११२ दिवसांत परतलं. चालण्याला बाकी काही लागत नाही रे.

एवढं मात्र पक्कं लक्षात ठेव. लघवी अडकली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधला, बसण्याच्या जागेचा भाग बधिर वाटला, पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठ. कमरेसोबत ताप असेल, विनाकारण वजन घटत असेल, तरी डॉक्टरांना दाखव.

जन्मभर असंच का, विचारलंस. पुन्हा कधीतरी धरेल बाळा, खोटं कशाला सांगू? मला मागच्या वर्षी दोनदा धरली. पण दोन्ही वेळा चौथ्या दिवशी मी कामाला लागले होते, आणि पट्टा कुठे ठेवलाय तेही आठवलं नाही.

छकुलीला तू महिनाभर उचललं नाहीस, असं तिच्या आईकडून कळलं. ही कळ ओसरली की तिला आधी खुर्चीवर उभी कर. मग छातीशी घट्ट धर आणि श्वास सोडत सरळ हो. पहिल्या दिवशी एकदाच, क्षणभर. जमलं की मला लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई