कॅटमिंट बियांपासून लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या बागांवर आलेल्या लेखात कॅटमिंट बी पेरून लावावे, असे सुचवले आहे. न्यू जर्सीत मी बारा वर्षे हे बहुवर्षायू झाड जोपासत असल्याने या सल्ल्यातील चूक निदर्शनास आणणे मला आवश्यक वाटते.

बागेत शोभेसाठी लावतात ते कॅटमिंट, म्हणजे नेपेटा फासेनी, हा संकर असून त्याला रुजणारे बी जवळजवळ धरतच नाही. पहिल्या वर्षी मीही ‘कॅटमिंट’ म्हणून विकलेले पाकीट आणून पेरले होते. उगवले ते कॅटनिप, म्हणजे मांजरांना आवडणारे याचेच भावंड: उंच, विस्कटलेले, पांढुरक्या फुलांचे, आणि पुढच्या वर्षी वाफाभर आपोआप रुजलेले. खरे कॅटमिंट हवे असेल तर रोपच आणावे, किंवा वसंतात जमिनीलगत कोंब दिसू लागताच कुणाकडचा जुना गड्डा शेवंतीसारखा फोडून मुळांसकट फुटवे लावावेत. २००७ साली अमेरिकेत वर्षातील सर्वोत्तम बहुवर्षायू वनस्पती म्हणून निवडलेला ‘वॉकर्स लो’ हा वाण नवख्यांनाही सहज साधतो. मात्र नावातील ‘लो’वरून तो बुटका समजू नये, कारण ते एका बागेचे नाव आहे आणि झाड चांगले दोन-अडीच फूट वाढते.

कॅटमिंट तुळशीच्याच कुळातले आहे. त्याची चौकोनी दांडी बोटांत फिरवून पाहिली की हे नाते लगेच पटते. तुळशीला घालतो तसे खतपाणी मात्र याला घालू नये. मी प्रेमापोटी शेणखत घातले त्या वर्षी झाड माजले आणि जूनमधल्या एका पावसात मधोमध फाकून चहूकडे लोळले. भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन आणि पहिला बहर ओसरताच निम्म्यावर छाटणी, एवढे केले की ऑगस्टमध्ये निळ्या-जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या पुन्हा घोंगावू लागतात. शेजारच्या होस्टा या शोभेच्या झाडाची पाने हरणे बुडख्यापर्यंत खातात, पण वासामुळे याला तोंड लावत नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकांनी, विशेषतः कोकणातील, याच्या मोहात पडू नये, असे मला वाटते. ओल साचली की याची मुळे कुजतात.

इकडे बियांची मागणी हिवाळ्यातच नोंदवली जाते, म्हणून ही दुरुस्ती शक्यतो पुढच्याच रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी