डबीच्या मागचे बारीक अक्षर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सांध्यांसाठीच्या पूरक गोळ्यांच्या जाहिरातींत गुडघ्यांची झीज आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या दोन अगदी वेगळ्या आजारांना सर्रास ‘संधिवात’ हे एकच नाव दिले जाते. माझ्या पत्नीला यांतला दुसरा आजार अकरा वर्षांपासून आहे. झिजेसाठी खपणारे ग्लुकोसामाइन तिने दुकानदाराच्या सांगण्यावरून आठ महिने घेतले. तरी सकाळी बोटे आखडून कपाचा कानही धरता येत नसे, त्यात काडीचा फरक पडला नाही. जिथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते, तिथे कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला) खुराक पुरवून काय साधणार?

माशाच्या तेलाचे तसे नाही. त्यातल्या ओमेगा-३ मुळे दुखणे आणि सकाळचा ताठरपणा काहीसा कमी होतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मात्र त्यांत ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातले ओमेगा-३ चे दोन मुख्य प्रकार) मिळून रोज साधारण ३ ग्रॅम दिले जात आणि गुण यायला दोन-तीन महिने लागत. आमच्या डबीवर पुढे ठळक ‘१००० मिग्रॅ’ आहे. मागचे अक्षर भिंगाने वाचले तेव्हा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचा ऐवज ३०० मिग्रॅच निघाला. या हिशेबाने दिवसाला दहा कॅप्सूल गिळाव्या लागतील, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करू नये. (जवसाच्या चटणीतल्या ओमेगा-३ चे शरीरात ईपीए फार थोडे होते, चटणी चवीसाठी जरूर खावी.)

गंमत अशी की, ज्या पूरक गोळीची खरी गरज असते तिची जाहिरात कधी दिसत नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरच्या मेथोट्रेक्सेट या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मुख्य औषधाने तोंड येते, मळमळते. तो त्रास फॉलिक ॲसिडच्या स्वस्त गोळीने बराच आटोक्यात राहतो. पूरक गोळ्या सुरू केल्या म्हणून मेथोट्रेक्सेटच परस्पर बंद करणारे रुग्ण मी दवाखान्याच्या बाकावर पाहिले आहेत. एकदा वाकडी झालेली बोटे मग कुठल्याच गोळीने सरळ होत नाहीत.

अशा उत्पादनांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. जाहिराती स्वीकारताना ती ओळ मराठीत आणि चष्म्याशिवाय वाचता येईल अशा टाइपात छापण्याचा आग्रह आपण धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिपळूण