ढोलीची झाडे उभी राहू द्या

संपादक महोदय,
स. न.

मेळघाटात मी वनरक्षक म्हणून नोकरी केली. वाळलेले झाड सरपणाला गेले तर जंगलाचे काय बिघडते, असे सुरुवातीला मलाही वाटायचे. एका हिवाळ्यात गस्तीवर असताना अशाच अर्धवट वाळलेल्या झाडाच्या ढोलीबाहेर रानपिंगळा दिसला. चांगले ऊन वर आलेले, आणि घुबडाच्या कुळातला हा पक्षी टक्क जागा, चोचीत सरडा! डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, पोट पांढरेशुभ्र, शेपटी सारखी डावी-उजवी हलतेय. गावातला नेहमीचा ठिपकेदार पिंगळा हा नव्हे, हे लगेच कळले.

रानपिंगळा जगात फक्त भारतात, तोही मुख्यतः मध्य भारतात आहे. १८८४ नंतर ११३ वर्षे त्याची खात्रीची नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. नंतर मेळघाटात आणि पार ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या जंगलातही दिसला. पण त्याला सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडाची आयती ढोली मिळाली तरच त्याची पिल्ले होतात, आणि त्याच ढोलीवर पोपट-साळुंक्यांचाही डोळा असतो.

अतिक्रमण, चराई, अंधश्रद्धेपायी होणारी शिकार हे सगळे आहेच. मी डोळ्यांनी जास्त पाहिला तो वणवा. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग पसरते. पोकळ झाडाला ती बुंध्याशी लागली की झाड आतून धुराड्यासारखे पेटते, दोन-दोन दिवस धुमसते आणि कोसळते. ज्यांची चूल मोहावर चालते त्यांना दम देऊन हे थांबणार नाही. मी देऊन पाहिला आहे, आज त्याचे वाईट वाटते. त्यांना मोहाखाली अंथरायला जाळ्या द्या. फुले स्वच्छ मिळतील आणि पाला जाळावा लागणार नाही.

वनविभागाला माझी विनंती आहे, ढोलीच्या झाडांची बीटनिहाय, म्हणजे प्रत्येक वनरक्षकाच्या हद्दीप्रमाणे, नोंद ठेवा. सरपणाला परवानगी देताना ती वगळा. वणवा अडवायला जाळरेषा (पाला-गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढतानाच, फेब्रुवारीपर्यंत, त्यांच्या बुंध्याभोवतीचा पाला ओढून घ्या.

मी पाहिलेले ते झाड पुढच्याच उन्हाळ्यात जळून पडले. त्याच्याभोवतीचा पाला ओढायला दोन माणसांना अर्धा तास लागला असता.

– एक निवृत्त वनरक्षक, जि. अमरावती