मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरची जादू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतले सोसायटीचे मेळावे, गणेशोत्सवातली मुलांची संध्याकाळ आणि वर्षभर चालणारे वाढदिवस यांत हल्ली ‘फिरता जादूगार’ बोलावतात. स्टेज नाही, पडदा नाही, पेटारा नाही. खिशात मावेल एवढ्या सामानावर कलाकार एकेका घोळक्यात जातो आणि हातभर अंतरावर जादू दाखवतो. या कामाला आम्ही क्लोज-अप किंवा स्ट्रोलिंग म्हणतो. बोलावणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या परंपरेतला रंगमंचावरचा मोठा प्रयोग असतो, त्यामुळे व्यवस्थाही तशीच होते: दीडशे मुलं एकदम बसवलेली, शेजारी डीजे, हातात माईक. अशा ठिकाणी चांगल्या हाताचा माणूसही पडतो. दोष प्रत्येक वेळी त्याच्या हातांचा नसतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पहिली अडचण उंचीची. आपल्याकडचा मदारी किंवा गारुडी वाट्या-गोळ्यांचा खेळ जमिनीवर बसून करतो. त्याच्या वाट्या उथळ असतात, वर धरायला बोंड असतं, आणि बघणारे भोवती उभे राहून वरून खाली पाहतात. त्याची सगळी हातचलाखी त्या वरच्या नजरेसाठी बसवलेली आहे. फिरत्या जादूत हे गणित उलटं होतं. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात आणि उभ्या मोठ्या माणसाची कंबरही तिथेच असते. कमरेजवळ सैल सोडलेला हात मोठ्यांच्या नजरेत येत नाही, तो मुलाच्या नाकासमोर असतो. तळहातात दडवलेली वस्तू मोठ्यांना दिसत नाही, मुलाला खालून सरळ दिसते. मग ‘त्या हातात आहे!’ अशी आरोळी येते आणि लोक मुलाला आगाऊ ठरवतात. मूल बरोबर असतं, कलाकार चुकीच्या उंचीवर असतो.

उपाय म्हणजे गुडघा टेकायचा किंवा फूटभर उंचीच्या स्टुलावर बसायचं. पुढची मुलं मांडी घालून, मागची गुडघ्यांवर. पाठीशी भिंत किंवा कोपरा हवा, कारण मुलं अर्धवर्तुळात फार वेळ टिकत नाहीत. दोन मिनिटांत कडेची दोघं मागून डोकावतात. मोबाईलवर चित्रण करणारे पालकही नकळत पाठीमागेच येऊन उभे राहतात. त्यांना आधीच समोरची जागा दाखवावी. सराव आरशापुढे उभं राहून करू नये. मोबाईल एक मीटर उंचीवर टेकवून चित्रण करावं आणि तेच पाहून चुका काढाव्यात. प्रकाश कलाकाराच्या समोरून हवा. मांडवातला एलईडी फोकस पाठीमागे आला की पातळ रेशमी रुमालातून आतलं सगळं दिसतं.

दुसरी गोष्ट वयाची. नवल वाटायला ‘असं होऊच शकत नाही’ हे आधी पक्कं ठाऊक असावं लागतं. तीन वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसतं. चेंडू नाहीसा झाला तर त्याच्या लेखी तो गेला, एवढंच. त्याला रंग, आवाज आणि रिकाम्या मुठीतून निघणारा लांबच लांब रुमाल आवडतो. पाच ते सात हे या कामाचं सोन्याचं वय. आठच्या पुढची मुलं युक्ती शोधू लागतात आणि ती सापडली नाही तर जास्त खूश होतात. पत्ते त्यांच्यासाठी ठेवावेत. लहानांना इस्पिक, किलवर, चौकट कळत नाहीत आणि निवडलेलं पान ती विसरतात. प्राण्यांच्या चित्रांचे पत्ते घ्यावेत, निवडलेलं पान दोघांना दाखवावं किंवा त्यावर मुलालाच मार्करने खूण करू द्यावी.

नजर वळवण्याचं तंत्रही वयानुसार बदलतं. मोठ्या माणसाकडे बघून प्रश्न विचारला की तो वर बघतो. सहा वर्षांचं मूल हातावरून डोळे काढत नाही. त्याला बघायला दुसरं काहीतरी हलणारं, ठळक लागतं: खिशातून निघणारी छडी, खाली पडलेली टोपी, किंवा त्याच्या स्वतःच्या हातातलं काम. म्हणून छडी मुलाच्या हातात देणं हा नुसता लाड नाही, तो बांधणीचा भाग आहे.

स्पंजचे लाल चेंडू हे या कामाचं पोटापाण्याचं सामान: मुलाच्या मुठीत एक चेंडू ठेवायचा आणि मूठ उघडली की दोन निघतात. आतली युक्ती इथे सांगणार नाही, पण खेळ कुठे बिघडतो ते सांगता येईल. बाजारात दीड आणि दोन इंची चेंडू मिळतात. दोन इंची फोटोत छान दिसतात, पण पाच वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावत नाहीत. बोटांच्या फटीतून लाल रंग डोकावतो आणि खेळाचा शेवट आधीच कळतो. लहानांसाठी दीड इंची, मऊ स्पंजचेच घ्यावेत. मुलाचा तळहात वर करून घ्यावा, चेंडू ठेवताक्षणी त्याची बोटं हलकेच मिटवावीत आणि मूठ पालथी करावी. पालथी मूठ मूल सहसा लगेच उघडत नाही. ‘तीन म्हटल्यावर उघड’ असं सांगितलं तर मूल ‘एक’लाच उघडतं. त्यापेक्षा मुठीवर तीनदा फुंकर घालायला किंवा दुसऱ्या हाताने छडी फिरवायला सांगावं. हाताला काम असलं की मूठ टिकते.

केक कापल्यानंतर स्पंज आणि पत्ते बाहेर काढू नयेत. क्रीम लागलेला स्पंज चिकटतो, दाबून सोडला तर पूर्ण फुगत नाही आणि मुठीत वेगळा लागतो. स्पंज साध्या साबणाने धुऊन, न पिळता नुसता दाबून, सावलीत वाळवावा. पावसाळ्यात तो दोन दिवस ओलसर राहतो आणि कुबट वास धरतो, म्हणून किमान तीन संच हवेत. कागदी पत्तेही त्या दिवसांत दमट होऊन चिकटतात. एक जोड बाहेर, दुसरा बंद डब्यात ठेवावा.

आयोजकांसाठी आता वेळेचा हिशेब. एका घोळक्यात सहा ते आठ मुलं, चार-पाच मिनिटं, तीन खेळ. जाण्यायेण्याचा वेळ धरून तासाला दहाच्या आसपास घोळके होतात, म्हणजे साठ-सत्तर मुलं. दीडशे मुलांना एका तासात ‘सगळ्यांना दाखवा’ म्हटलं तर कुणालाच नीट दिसत नाही. उत्तम वेळ म्हणजे पाहुणे थोडेथोडे येत असतात ती, केकच्या आधीची. तेव्हा मुलं कंटाळलेली असतात आणि घोळके आपोआप छोटे असतात. त्या पाऊण तासात डीजे बंद ठेवावा, निदान जादूची जागा स्पीकरपासून लांब द्यावी. साबणाचे बुडबुडे सोडणाऱ्या मशीनजवळ किंवा उड्या मारायच्या हवेच्या किल्ल्याजवळ जागा दिली तर मुलं जादूकडे पाठ करून बसतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही.

कलाकाराने खिशांचा नकाशा पक्का ठेवावा: कोणता खेळ कोणत्या खिशातून निघतो आणि संपल्यावर कुठे जातो. एक घोळका सोडून पुढच्याकडे जाताना, चार पावलांत सगळं पुन्हा जागेवर आलं पाहिजे. ज्याची मांडणी कोपऱ्यात जाऊन करावी लागते तो खेळ कितीही सुंदर असला तरी फिरत्या जादूचा नाही. पिशवी जमिनीवर ठेवू नये. ती मुलं उघडतातच. कमरेची, चेन लावायची पिशवी बरी.

सुरक्षेबाबत आमची मतं ठाम आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती गिळता येईल असं काही द्यायचं नाही. खेळण्यांच्या चाचणीत लहान भाग ओळखायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, तिच्यात जे पूर्ण मावतं ते धोक्याचं. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, म्हणजे ते सहज मावतं. स्पंजचा चेंडू आकाराने मोठा दिसला तरी दाबला की सुपारीएवढा होतो आणि घशात फुगतो. तो लहानग्यांना ‘खेळायला ठेव’ म्हणून कधीच देऊ नये, आणि घोळका सोडताना चेंडू मोजून घ्यावेत.

लोहचुंबक असलेलं साहित्य मुलांच्या हाती देऊच नये. दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधला भाग चिमटून आतड्याला भोक पडू शकतं. बोटांत लुकलुकणाऱ्या दिव्याच्या खेळात बटन सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होते. झाकण स्क्रूचं नसेल तर ते साहित्य वापरू नका. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतो, म्हणून फुग्याचे आकार करून देणाऱ्यांनी तुकडे त्याच क्षणी उचलावेत. भपकन पेटणारा कागद मांडवात नको, मुलांच्या हातभर अंतरावर तर नकोच. दोरीचा खेळ करायचा तर मऊ सुती दोरी घ्यावी, पण ती कुणाच्याही गळ्याभोवती घेऊ नये, स्वतःच्यासुद्धा. मुलं घरी जाऊन तेच करतात.

रिटर्न गिफ्ट म्हणून ‘मॅजिक किट’ वाटणाऱ्या पालकांनी आयएसआय खूण पाहून घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे.

कानामागून नाणं काढण्याची सवयही सोडायला हवी. अनोळखी माणसाने केसांना, कानाला हात लावलेला अनेक मुलांना आवडत नाही आणि त्यांना तसं सांगताही येत नाही. तेच नाणं मुलाने धरलेल्या टोपीतून, बुटाच्या टोकाजवळून किंवा छडीच्या टोकावरून काढलं तरी तेवढाच हशा येतो. मदतीला सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला घेऊ नये, तसंच मागे लपणाऱ्याला ओढूनही आणू नये. लाजरं मूल शेजारी बसलेल्या मित्राच्या मुठीवर फुंकर घालू शकतं, आणि पुष्कळदा पुढच्या खेळाला स्वतःच हात पुढे करतं. फजिती व्हायची ती कलाकाराची व्हावी: त्याची छडी मोडावी, त्याला सापडत नसलेला चेंडू मुलांना सापडावा. मुलाच्या कपड्यांवरून, वजनावरून, रंगावरून विनोद करणाऱ्याला पुन्हा बोलावू नका.

‘तुम्हाला खरंच जादू येते का?’ असं मूल विचारतं तेव्हा खरं उत्तर द्यावं: ही हातचलाखी आहे आणि ती सरावाने येते. ज्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे मुलांपुढे उभं राहणाऱ्याने मंत्र, शक्ती, सिद्धी असले शब्द खरेपणाचा आव आणून वापरू नयेत. ‘गिली गिली छू’ खेळातला शब्द म्हणूनच राहू द्यावा.

सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना किटऐवजी एक खेळ शिकवता येतो. नवशिक्यांना पहिल्यांदा शिकवला जाणारा हा खेळ असल्याने तो सांगण्यात काही मोडत नाही. सैलसर रबर बँड उजव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी घाला. हाताची पाठ समोरच्याकडे, तळवा आपल्याकडे. डाव्या हाताने रबर तळव्याच्या बाजूने आपल्याकडे ओढा आणि मूठ मिटताना चारही बोटांची टोकं त्या फासात घालून रबर सोडा. समोरून ते दोनच बोटांवर दिसतं. मूठ झटकन उघडली की रबर उडी मारून अनामिका आणि करंगळीवर जातं. रबर फार घट्ट असेल तर मूठ थरथरते, फार सैल असेल तर उडी पडत नाही. करंगळीचं टोक फासाबाहेर राहिलं तर रबर मध्येच अडकतं, आणि नवशिक्या मुलांचं नेमकं तेच राहतं. आधी पाच-सहा वेळा हात आरशाकडे न करता आपल्याकडे करून, बोटांची टोकं बघत सराव करायला सांगावं.

आपले,
मुलांसाठी क्लोज-अप जादू करणारे काही कलाकार, पुणे