बालगृहातील मुलीच्या बाजूने वकील हवा

संपादक महोदय,

बिहारमधील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील मुलींवरचे लैंगिक अत्याचार 2018 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अहवालामुळे उघड झाले आणि 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवले. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम 24 सांगते, की मुलाचा जबाब त्याच्या राहत्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, साध्या वेशात घ्यावा. पण जिचे राहते घर म्हणजेच ते बालगृह, त्या मुलीने तिथे तोंड उघडावे तरी कसे? ‘दुसऱ्या जागी जबाब घ्या’ असे ठणकावून सांगणारा वकील पहिल्याच दिवशी तिच्याजवळ असायला हवा. याच कायद्याच्या कलम 40 प्रमाणे विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. इंदूर जिल्हा न्यायालयातील आपल्या मराठी वकील बंधुभगिनींनी या कामासाठी प्राधिकरणाकडे आवर्जून नाव नोंदवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, इंदूर