गोल कोण करणार, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न.

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात भारतीय फुटबॉल संघ बांगलादेशकडून ०-१ असा हरला. आपल्या अंकात ती बातमी मला शोधावी लागली. वर ईडन गार्डन्सच्या खेळपट्टीवरची चर्चा मात्र ऐसपैस पसरली होती. क्रिकेटवर माझा राग नाही. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा १२४ धावांचा तो फसलेला पाठलाग मीही डोकं धरून पाहिला. पण बांगलादेशने २२ वर्षांनी आपल्याला हरवावं आणि त्याचं कुणालाच काही वाटू नये, हे पटत नाही.

सामन्याची १२ मिनिटंही झाली नव्हती, तेव्हा बांगलादेशच्या शेख मोरसालिनने गोल केला. म्हणजे बरोबरी साधायला जवळजवळ अख्खा सामना हातात होता. आपल्या छांगतेचा एक फटका त्यांच्या हमझा चौधरीने डोक्याने बाहेर काढला, तेवढी एक खरी संधी. बाकी काय, तर चेंडू फिरतोय, विंगवरून क्रॉस येताहेत आणि पेनल्टी बॉक्समध्ये त्यावर तुटून पडणारा माणूसच नाही. मांडव सजलाय, वाजंत्री वाजताहेत, फक्त नवरदेव बेपत्ता!

एखाद्या संध्याकाळी असं झालं असतं तर गप्प बसलो असतो. पण आशिया चषकाच्या पात्रता फेरीत आपले पहिले पाच सामने झाले, त्यात विजय एकही नाही आणि गोल अवघे दोन. सिंगापूरमध्ये रहीम अलीने शेवटच्या क्षणी केलेला एक, मडगावला छांगतेचा दुसरा. मडगावला तर आघाडी घेऊन हरलो. हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेत पेनल्टी बहाल केली. त्याआधी २०२४ च्या जानेवारीत कतारला प्रत्यक्ष आशिया चषकात तीन सामने खेळलो, तिन्ही हरलो, गोल शून्य. २०२७ च्या स्पर्धेत तर आता आपण नाहीच.

लगेच प्रशिक्षकाला हटवा म्हणणारे सुरू झाले. प्रशिक्षक खालिद जमील यांना कूपरेज मैदानावर पाहिलेल्या आम्हा मुंबईकरांना ते घरचेच वाटतात, तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी असेलही. पण त्यांनी सूत्रं हाती घेतली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. त्यांच्याआधीचे मार्केझ एफसी गोवा हा क्लब आणि देशाचा संघ एकाच वेळी सांभाळत होते, ते चाललं. प्रशिक्षक बदलून स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा आघाडीचा खेळाडू, उगवत नाही.

तो उगवणार कुठून? आयएसएल या देशातल्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये बहुतेक क्लबांचा नऊ नंबरचा खेळाडू, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, परदेशी असतो आणि आपली पोरं विंगवर धावतात. २०२४-२५ च्या मोसमात सर्वाधिक २३ गोल मोरोक्कोच्या अजराईचे. भारतीयांत पहिला कोण? सुनील छेत्री, १४ गोल, तेव्हा वय ४०. निवृत्त झालेल्या त्याच छेत्रीला मार्च २०२५ मध्ये देशाच्या संघात पुन्हा बोलवावं लागलं. छेत्रीला सलाम, पण या गोष्टीची फुटबॉल महासंघाला लाज वाटायला हवी होती.

मुंबईत वेगळं काय आहे? रोव्हर्स चषक ही इथली जुनी स्पर्धा बंद पडून जमाना झाला, महिंद्राने २०१० मध्ये संघ गुंडाळला, मुंबई एफसी हा क्लबही गेला. पोरं तासाच्या भाड्याने टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ खेळतात. त्यात पाय छान चालतो, पण उंचावरून आलेल्या चेंडूवर दोन बचावपटूंच्या मधून हेडर मारायला शिकायचं कुठे? रायन विल्यम्स या ऑस्ट्रेलियात वाढलेल्या खेळाडूने भारतीय पासपोर्ट घेतला. त्याच्या आईचा जन्म मुंबईतला, आजोबा मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले. ऐकून बरं वाटलं. तर ढाक्याच्या सामन्याआधी ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल महासंघाचं ना-हरकत पत्रच आलं नाही. एक कागदसुद्धा वेळेवर नाही!

प्रेक्षक नाहीत, ही सबब तरी कुणी सांगू नये. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीला चायनीज तैपेईविरुद्ध जेमतेम अडीच हजार लोक होते. छेत्रीने हात जोडून सांगितलं, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या. तीन दिवसांनी केनियाविरुद्ध त्याच मैदानात धो-धो पावसात लोक भिजत उभे होते, मीही त्यांत होतो. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा हजारोंची तिकिटं घेऊन लोक गेलेच. या शहराला फुटबॉल कळत नाही असं नाही. त्याला स्वतःचा म्हणून बघावा असा संघ दिसत नाही.

ढाक्यानंतर मार्च २०२६ मध्ये हाँगकाँगशी एक सामना उरला होता. पात्रतेच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नव्हता. अशाच सामन्यांत वीस-एकवीस वर्षांच्या एखाद्या स्ट्रायकरला पूर्ण नव्वद मिनिटं खेळवा, चुकू द्या. पण त्याआधी त्याला कुठेतरी खेळायला तर मिळालं पाहिजे. २०२५ चा नोव्हेंबर संपत आला तरी आयएसएलचा पत्ता नव्हता. लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नव्हती. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी महासंघाला पुढच्या लीगची तारीख विचारावी आणि जे उत्तर मिळेल ते, टाळाटाळ असली तरी, पहिल्या क्रीडापानावर छापावं, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई