क्लिओपात्राचे ओठ आणि सांगलीची हळद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लिपस्टिकच्या इतिहासावरील आपल्या पुरवणीतील लेखात दोन चुका राहून गेल्या आहेत. पहिली निरुपद्रवी आहे. दुसरी वाचकांच्या पोटात जाऊ शकते.

क्लिओपात्रा कोचिनील किड्यांचा लाल रंग ओठांना लावी, असे जिथे तिथे छापून येते, तसे आपल्या लेखातही आले आहे. हा किडा अमेरिका खंडातल्या निवडुंगावरचा. त्याचा रंग युरोपात उतरला तो सोळाव्या शतकात, स्पॅनिश जहाजांतून. क्लिओपात्रा इ. स. पू. ३० मध्येच वारली. इजिप्तमध्ये ओठ रंगवत असत हे मात्र खरे. तुरीनच्या संग्रहालयातील इ. स. पू. ११५० च्या सुमाराच्या पपायरसवर आरशात पाहून ओठ रंगवणारी स्त्री आहे. तिकडचा हाताशी असलेला लाल म्हणजे गेरू. आजच्या विटकरी लिपस्टिकमध्येही तेच आयर्न ऑक्साइड असते, फक्त शुद्ध केलेले. दुकानातल्या गेरूत वाळू आणि शिसेही असू शकते.

आता ‘कुंकू तुपात खलले की देशी लिपस्टिक’ हा लेखातला दुसरा सल्ला. हळदीचे सौदे निघतात त्या सांगलीत तरी तो कुणी ऐकू नये. कुंकू म्हणजे लाल केलेली हळद. चुन्याने लाल झालेली हळद चुन्यासारख्या क्षारातच लाल राहते. चिंचेची आमटी ओरपली की ओठ पिवळे. टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबूरस घालून केलेले कुंकू आंबटाला दाद देत नाही, पण टाकणखार पोटात जाऊ नये, आणि ओठांवरचे पोटात जातेच. स्वस्त, भडक कुंकवात तर पुष्कळदा हळदच नसते. थोडे कुंकू लिंबाच्या रसात आणि थोडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कालवून पाहा. चुन्याचे लिंबात पिवळे पडते, टाकणखाराचे सोड्यात काळपट हिरवे होते. दोन्हीकडे ढिम्म राहिले, तर ते हळदीचे नव्हे.

घरी करायचीच तर १०० ग्रॅमसाठी एरंडेल ६०, मधमाश्यांचे मेण १५, कार्नोबा मेण ५, कोकम तेल १२ आणि सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचे आयर्न ऑक्साइड ८ ग्रॅम घ्यावे. रंग आधी त्यातल्याच दुप्पट एरंडेलात खलावा, नाहीतर ओठांवर रेघा उठतात. मेणे उरलेल्या एरंडेल व कोकम तेलासह उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावीत. कार्नोबाला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. मग रंग मिसळून साच्यात ओतावे आणि घट्ट होऊ लागताच फ्रिजमध्ये ठेवावे. सावकाश गार झाली तर कांडी रवाळ होते. बीटाचा रस घालण्याचा मोह टाळावा. तो तेलात मिसळत नाही, तळाशी बसतो आणि त्यातल्या पाण्यामुळे बुरशी धरते.

मे महिन्यात कांडीवर तेलाचे थेंब दिसले, तर पुढच्या खेपेस एरंडेल २ ग्रॅम कमी करून कार्नोबा तेवढे वाढवावे. त्याहून जास्त नको. कांडी ठिसूळ होऊन ओठांवर ओढत जाते.

– सौंदर्यप्रसाधन रसायनांचा एक अभ्यासक, विश्रामबाग, सांगली